डावीकडे पाहा

एरंडवण्यात, दातांच्या एका दवाखान्याखाली
तळघरात तो स्टुडिओ.
मे महिन्यात दोन दुपारी बसून
मी तिथे इटलीचा किनारा वाचला,
तासाला चारशे, चहा वेगळा.

एसी बंद. त्याची घरघर माइकमध्ये उतरते.
कोकीळही उतरतो.
काचेपलीकडून इलियास हात वर करतो :
थांबा मॅडम, पक्षी.
आम्ही थांबतो. आंब्यावरचा तो
आपलं सगळं म्हणून घेतो, घाई न करता.
मग पुन्हा :
"मंडळी, आपली बोट आता सोरेंतोहून निघाली आहे.
डावीकडे पाहा."

माझ्या डावीकडे अंड्यांचे कागदी ट्रे,
आवाज गिळायला भिंतीवर चिकटवलेले.

भाषांतर कुणाचं होतं कोण जाणे.
सोळा पानांत "नयनरम्य" अकरा वेळा.
मी आठ खोडले.
कंपनीच्या लिमयांचा फोन :
राहू द्या हो बाई, लोकांनी पैसे भरलेत.

उजवीकडे तीन बेटं.
तिथल्या बायका म्हणे गायच्या,
आणि ऐकणारे खलाशी खडकावर फुटायचे.
मी ते वाचलं.
इलियास म्हणाला, जरा कमी गोड, मॅडम,
बोटीत सगळे साठीच्या पुढचे आहेत.

आणि पानोपानी पेन्सिलीनं कंसात :
सात सेकंद विराम.
प्रवाशांना बघू द्यावं म्हणून.

सात सेकंद किती मोठे असतात
ते तळघरात कळतं.
मानेवरून घाम निघतो, पाठीच्या मध्यावर पोचतो,
तरी दोन उरतात.
कड्यावर पायऱ्यापायऱ्यांनी लिंबाच्या बागा, असं मी म्हणाले
आणि त्या सात सेकंदांत
आमच्या फ्रिजमधली तीन लिंबं दिसली, सुपारीएवढी झालेली.
किनाऱ्यावर रंगीत होड्या, म्हणाले,
तर सकाळी झेड ब्रिजवरून दिसलेलं नदीपात्र :
ओळीनं लावलेल्या मोटारी,
आणि कडेनं हिरवट, जेमतेम चालणारं पाणी.

बोटीत मी एकदाच बसले आहे.
कात्रजच्या तळ्यात, हंसाच्या तोंडाची, पायांनी मारायची.
ह्यांच्या बाजूचं पायडल तुटकं.
अर्धा तास आम्ही एकाच जागी गोल फिरलो.
पैसे परत मागायला हे काउंटरवर गेले होते,
ते मिळाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमाल्फी आलं.
"उतरताना आपलं सामान तपासून घ्या."
मी पिशवी, छत्री, चष्मा तपासला
आणि कर्वे रोडला येऊन रिक्षा शोधली.

जूनमध्ये पावगी वहिनी आल्या, गुरुवारी,
पाणी नसतं त्या दिवशी नेमक्या.
लिंबाच्या आकाराचा साबण आणलेला, जिलेटिनच्या कागदात.
म्हणाल्या, अहो, तुमचा आवाज!
मी यांना म्हटलं, ह्या आपल्या समोरच्या वाळिंबे,
तर हे म्हणाले, काहीतरीच.

मी विचारलं, कसं आहे हो तिकडे?

त्या जरा वेळ साबणाच्या कागदाशी चाळा करत राहिल्या.
मग हळूच, पावगी ऐकत नाहीत ना बघून :
मला बोट लागली हो.
निघाल्यापासून पोचेपर्यंत.
सगळे कठड्याशी उभे, फोटो काढताहेत,
मी खाली बाकावर, पिशवीत तोंड घालून,
कानात तुम्ही.
तो घुमट, हिरव्यापिवळ्या फरश्यांचा म्हणालात ना,
दिसला मला. लिंबंसुद्धा.
यांना सांगू नका, यांना वाटतं मी पाहिलंय.

एवढंच, म्हणाल्या,
मध्येमध्ये गप्प का व्हायचात?
तेव्हा फार ढवळायचं.

स्वयंपाकघरात पिंप अर्धं भरलेलं होतं.
मी काही बोलले नाही.
बराच वेळ. सात तरी झाले असतील.

साबण अजून कागदातच आहे.
बाथरूममध्ये शिरलात की
डावीकडे.